नोकरी सुटतानाचा हिशेब

नोकरी लागते तेव्हा घरात पेढे वाटले जातात. नेमणुकीचे पत्र देवापुढे ठेवले जाते, शेजारीपाजारी दाखवले जाते, आणि त्यानंतर ते एखाद्या जाड फाईलमध्ये जाऊन पडते. त्यातील अटी मात्र क्वचितच कोणी वाचतो. नोकरी सुटते तेव्हा प्रकार उलटा होतो. हाती पडलेला कागद कोणाला दाखवावासा वाटत नाही. वडिलांना काय सांगावे, सासुरवाडीस कसे कळवावे, मुलांच्या शाळेची फी कशी भरावी, या विचारांत मनुष्य इतका गुंतून जातो की तोही कागद वाचायचा राहून जातो. वस्तुतः आयुष्यात एखादे पत्र ओळ न् ओळ वाचावे असा प्रसंग कोणता असेल, तर तो हाच होय.

गेल्या काही वर्षांत 'ले-ऑफ' हा शब्द मराठी घरांतही रुळला आहे. बंगळूर, हैदराबाद, पुणे, गुरगाव येथील मोठमोठ्या कचेऱ्यांतून एकाच दिवशी शेकडो माणसांना निरोप दिला जातो आणि वृत्तपत्रे त्याला ले-ऑफ म्हणतात. कायद्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. माल नाही, वीज नाही, यंत्र मोडले, अशा कारणाने मालक काही काळ काम देऊ शकत नाही, पण कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम राहते, याला कायदा ले-ऑफ म्हणतो. त्या काळात सामान्यतः मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. माणसाला कायमचे कमी करणे याला कायद्यात 'रिट्रेंचमेंट', म्हणजे कामगारकपात, असे नाव आहे. मौज अशी की, लोक बोलताना पहिला शब्द वापरतात, घडते ते दुसऱ्या शब्दातले, आणि सहीसाठी जो कागद पुढे येतो त्यात यांपैकी एकही शब्द नसतो. तेथे लिहिलेले असते 'स्वेच्छेने राजीनामा', किंवा फार तर 'परस्परसंमतीने सेवासमाप्ती'. या शब्दांच्या अदलाबदलीवर कुटुंबाचे काही लक्ष रुपये अवलंबून असतात.

शब्दावर पैसे अवलंबून असण्याचा हा प्रकार आजचा नव्हे. त्याचा एक जुना आणि बोधक दाखला सोलापूर जिल्ह्यातला आहे. बार्शी लाइट रेल्वे हे नाव महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या मंडळींना अजून आठवत असेल. पंढरीच्या वारकऱ्यांना वाहून नेणारी, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही चिमुकली गाडी लंडनमध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीच्या मालकीची होती. १८९७ साली ती बार्शी गाव आणि मुख्य लोहमार्गावरील बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, यांच्या दरम्यान सुरू झाली; पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरज येथवर पोचली. ही रेल्वे विकत घेण्याचा अधिकार जुन्या करारान्वये सरकारकडे होता, आणि त्यानुसार १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारने आपल्या ताब्यात घेण्याचे ठरविले.

आता तारखा लक्षात घेण्याजोग्या आहेत. २४ ऑक्टोबर १९५३ पासून औद्योगिक विवाद कायद्यात एक नवे प्रकरण लागू झाले होते. कामगाराला कमी करावयाचे असेल तर एक महिन्याची पूर्वसूचना अथवा तेवढे वेतन, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून दिले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. त्यापूर्वी अशी निश्चित मोजदाद कायद्यात नव्हती. मालक देईल ते, किंवा न्यायाधिकरण ठरवील ते. नवी तरतूद अमलात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ११ नोव्हेंबर १९५३ रोजी बार्शीच्या कंपनीने आपल्या सर्व कामगारांना सूचना दिली की, ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर आपली सेवा समाप्त होत आहे. जे राजी असतील त्यांना सरकार कामावर घेणार आहे, त्याच्या अटी मागाहून कळविल्या जातील.

बहुतेकांना सरकारने कामावर घेतले, हेही येथे सांगितले पाहिजे. गाडी तीच राहिली, रूळ तेच राहिले, आणि झेंडी दाखविणारा हातही बहुधा तोच राहिला. मग भरपाई कशाची, असा प्रश्न कंपनीने केला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु कामगारांचीही बाजू होती. जुन्या मालकाकडील वीस-वीस वर्षांची सेवा एका दुपारी संपली होती, आणि कायद्यातील व्याख्या सांगत होती की, शिक्षेखेरीज अन्य 'कोणत्याही कारणाने' मालकाने कामगाराची सेवा समाप्त केली तर ती कपात होय. कोणत्याही म्हणजे कोणत्याही, असे कामगारांचे म्हणणे. कंपनीचे म्हणणे असे की, कपात चालत्या धंद्यातच होऊ शकते. झाडच तोडले तर त्याची छाटणी केली असे कोणी म्हणत नाही. मुंबईच्या उच्च न्यायालयाने कामगारांचा अर्थ स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी दिलेल्या निकालात तो फिरविला आणि कंपनीचा अर्थ ग्राह्य धरला. धंदा खराखुरा बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे आणि त्यामुळे भरपाईही नाही.

या निकालाने देशभरच्या कामगारांत अस्वस्थता पसरणे स्वाभाविक होते. १९५७ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. धंदा हस्तांतरित झाला आणि नव्या मालकाने सेवा अखंड धरून त्याच अटींवर माणसे ठेवली नाहीत, तर कपातीप्रमाणेच भरपाई द्यावी. धंदा बंद केला तरीही द्यावी. मालकाच्या आवाक्याबाहेरच्या अपरिहार्य कारणाने बंद पडला तर मात्र ती तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाहून अधिक नसावी. आणि निव्वळ पैशाची अडचण किंवा न खपलेला माल साचणे हे अपरिहार्य कारण समजले जाऊ नये, अशी ती दुरुस्ती होती. ती लागू झाली २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शीच्या ज्या कामगारांच्या खटल्यामुळे ही सोय देशाला लाभली, त्यांची सेवा ३१ डिसेंबर १९५३ लाच संपलेली असल्यामुळे त्यांना तिचा उपयोग झाला नाही.

त्यानंतर या क्षेत्रात पुष्कळ पाणी वाहून गेले. १९७६ साली मोठ्या कारखान्यांना कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. तीनशे कामगारांची मर्यादा पुढे शंभरावर आली. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 'कोणत्याही कारणाने' या शब्दांना पुन्हा व्यापक अर्थ दिला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता जुन्या कायद्याच्या जागी अमलात आली. परवानगीची ही अट फक्त कारखाने, खाणी व मळे यांना आहे. काचेच्या उंच इमारतीत संगणकापुढे बसणाऱ्यांना तिचा आधार नाही. पंधरा दिवसांची ती जुनी मोजदाद मात्र १९५३ पासून जशीच्या तशी टिकून आहे, आणि तिच्या जोडीला एक नवी तरतूद आली आहे: कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावयाचे आणि ते पंचेचाळीस दिवसांच्या आत त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाचे.

कायद्यातील आकडे कोरडे वाटतात. ते एखाद्या घरात नेऊन पाहिले म्हणजे त्यांना अर्थ येतो. म्हणून अशी कल्पना करावी की, मूळचे सोलापूरकडचे, शेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ बंगळूरच्या एका कंपनीत बारा वर्षे संगणकप्रणाली तपासण्याचे काम करीत आहेत. एकूण पगार महिना १,०४,००० रुपये. नव्या व्याख्येप्रमाणे त्यातील निम्मी रक्कम, म्हणजे ५२,००० रुपये, 'वेतन' धरली जाते. एका गुरुवारी दुपारी त्यांना एका लहानशा खोलीत बोलावले जाते. मनुष्यबळ विभागाच्या एक बाई आणि पडद्यावर दुसऱ्या शहरातील एक साहेब. कंपनीची पुनर्रचना चालू आहे, आपल्या कामाबद्दल तक्रार नाही, कंपनी आपल्याला आठ लाख रुपयांचे उदार पॅकेज देऊ इच्छिते, संध्याकाळपर्यंत राजीनाम्यावर सही करावी. आवाज सौम्य असतो. समोर पाण्याचा पेलाही ठेवलेला असतो.

अशा खोलीत शौर्याची भाषा कामाची नाही, आणि रडकुंडीस येणेही कामाचे नाही. गृहस्थ म्हणतात, "कागदाची प्रत द्या, घरी वाचून सांगतो." एवढे एक वाक्य त्या दिवसापुरते पुरते. आजच सही न केल्यास पॅकेज मागे घेतले जाईल, असे त्यांना सांगण्यात येते. हे बहुधा खरे नसते. कंपनीला ती सही नको असती, तर तिने ती मागितलीच नसती. तेव्हा ते कचेरीतून बाहेर पडण्यापूर्वी झालेले बोलणे एका लहान ई-पत्रात लिहून त्या बाईंना पाठवितात: अमुक वेळी बोलावले, अमुक सांगितले, विचारास अवधी मागितला. सरकारी कचेरीत ज्यांची हयात गेली आहे त्यांना अशा चार ओळींच्या टिपणाची किंमत सांगावी लागत नाही.

घरी पत्नी पहिल्याने म्हणते, "अहो, देऊन टाका सही. वाद घातला तर दुसरीकडेही नाव खराब होईल." मग जेवणे झाल्यावर तीच विचारते, "पण हे आठ लाख कशाकशाचे?"

सर्व बोलणीचे मूळ या प्रश्नात आहे. आठ लाख हा आकडा एका ओळीत लिहिलेला असतो, आणि एका ओळीत लिहिल्यामुळे तो देणगीसारखा दिसतो. तो फोडून पाहावा. बारा वर्षांची कपात-भरपाई, वर्षाला अर्ध्या महिन्याचे वेतन या दराने, ३,१२,००० रुपये. उपदान, ज्याला सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतात, त्याचा हिशेब निराळा: महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरून पंधरा दिवसांचे वेतन, म्हणजे वर्षाला ३०,०००, बारा वर्षांचे ३,६०,०००. ते तर राजीनामा दिला तरीही मिळावयाचेच असते. पाच वर्षांची सेवा पुरी झाली की तो हक्क झाला. एक महिन्याच्या पूर्वसूचनेऐवजी वेतन ५२,०००. शिल्लक रजेचे, ती एक महिन्याची आहे असे धरून, आणखी ५२,०००. पुनर्कौशल्य निधीचे २६,०००. एकूण होतात ८,०२,०००. म्हणजे ज्या रकमेला उदार म्हटले होते ती कायद्याने विनासायास मिळणाऱ्या रकमेपेक्षा दोन हजारांनी कमीच होती, आणि तिच्या बदल्यात राजीनामा मागितला होता.

त्याच रात्री जुन्या फाईलमधून नेमणुकीचे पत्र निघते. बारा वर्षांपूर्वी ज्याचे पेढे वाटले होते तेच. त्यात सातव्या कलमात लिहिलेले आढळते की, उभयपक्षी दोन महिन्यांची पूर्वसूचना अथवा तेवढ्या काळाचा पूर्ण पगार. कायद्याचा एक महिना ही किमान मर्यादा आहे. करारात अधिक असेल तर करार पाळावा लागतो. म्हणजे ५२,००० च्या जागी २,०८,००० रुपये आले, आणि एकूण हिशेब ९,५८,००० वर गेला.

येथे एक शंका उपस्थित होते, आणि कंपनीचा वकील ती हमखास उपस्थित करतो. हे गृहस्थ कायद्याच्या अर्थाने 'कामगार' आहेत काय? त्यांच्या दारावर तर 'व्यवस्थापक' अशी पाटी आहे. संहितेने व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना वगळले आहे. देखरेखीचे काम करणाऱ्यांपैकी महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणाऱ्यांनाही वगळले आहे. परंतु तांत्रिक वा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची अशी कोणतीही मर्यादा नाही. न्यायालये पाटी पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. हाताखाली माणसे किती, त्यांची रजा कोण मंजूर करतो, कोणाला ठेवावे व कोणाला काढावे हे ठरविण्याचा अधिकार आहे काय, असे प्रश्न विचारले जातात. दिवसभर प्रणालीतील चुका शोधणारा मनुष्य पाटीवर व्यवस्थापक असला तरी कामाने तंत्रज्ञच असू शकतो. ज्याचे काम खरोखरीच व्यवस्थापनाचे आहे त्याला मात्र नेमणुकीचा करार, उपदान, रजेचा पगार आणि स्वतःचे बोलणे एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते. या भेदामुळे एकाच दिवशी, एकाच मजल्यावरून निरोप मिळालेल्या दोघांची स्थिती अगदी भिन्न असू शकते. शेजाऱ्याला काय मिळाले यावरून आपला हिशेब करणे म्हणूनच धोक्याचे.

यापुढे खरी बोलणी सुरू होते. हक्काची रक्कम सही न करताही मिळावयाची आहे. वेतनाचा हिशेब तर कपातीनंतर दोन कामाच्या दिवसांत चुकता करण्याचे बंधन आता कायद्यानेच घातले आहे. मग सहीची किंमत काय? कंपनीला त्या सहीने पुढील तक्रारीपासून मुक्ती मिळते, वेळ वाचतो, गाजावाजा टळतो. हक्काच्या वर जे काही दिले जाते ते या मुक्तीचे मोल आहे. ते किती असावे याला नियम नाही. २००० साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, अथवा उरलेल्या सेवेचा पगार, यांत जे कमी असेल ते देऊ केले होते. कायद्याच्या पंधरा दिवसांपुढे ते साठ दिवस पाहिले म्हणजे घासाघीस करण्यास केवढी जागा असते हे ध्यानात येते.

त्या बँक योजनेने आणखी एक गोष्ट शिकविली. पुष्कळ कर्मचाऱ्यांनी अर्ज केले आणि मग त्यांचे मन पालटले. बँका म्हणाल्या, अर्ज मागे घेता येणार नाही. २००२ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, योजना हे केवळ निमंत्रण होते, कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव होता, आणि तो स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येत होता. पण ज्यांनी योजनेखालचे पैसे उचलले होते, त्यांना माघार घेता आली नाही. सही करण्यापूर्वी बोलावे, आणि आक्षेप असताना खात्यात आलेली रक्कम मुकाट्याने वापरू नये. निदान ती आक्षेप राखून घेत आहोत असे त्याच दिवशी लिहून कळवावे.

आपल्या गृहस्थांनी काय मागावे? सहा महिन्यांचा पगार मागावासा वाटतो, आणि मागण्यास हरकतही नाही. परंतु त्यांच्या घरी आईचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालते, आणि त्याचा खर्च कंपनीच्या विम्यातून भागतो. राजीनाम्याच्या दिवशीच तो विमा संपतो. कंपनीला विमा आणखी सहा महिने चालू ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. या घराला मात्र तो दोन पगारांहून मोलाचा आहे. बोलणी करणाऱ्याने अशी जागा आधी शोधावी. रोख रक्कम वाढविण्यास कंपनीला वरून मंजुरी लागते, तिचे दर साऱ्यांना एकच ठेवलेले असतात. अशा लहानसहान गोष्टींत तिचा हात सैल असतो. कोणाला राहत्या घराची मुदत हवी असते, कोणाला कर्जाची वसुली लांबवून हवी असते, कोणाला मुलाची परीक्षा होईपर्यंत हजेरीपटावर नाव हवे असते.

आणि शब्द. रक्कम कोणत्या नावाने दिली जाते याला करातही महत्त्व आहे. कपातीची भरपाई कायद्याच्या हिशेबाने ५ लाखांपर्यंत करमुक्त असते. तीच रक्कम 'सानुग्रह' म्हणून दिली तर ती पगारासारखी करपात्र ठरते. पुढील दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही अशी एक अट अशा कागदात बहुधा असते. १८७२ च्या करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाखाली अशी बंधने सामान्यतः निरर्थक ठरतात, तरी ती लिहून देऊ नये. नवा मालक न्यायालयाचे निवाडे वाचीत बसत नाही.

नऊ दिवसांनी दुसरा कागद येतो. त्यात रकमा एकेका ओळीत फोडून लिहिलेल्या आहेत: कपात-भरपाई, उपदान, दोन महिन्यांच्या पूर्वसूचनेचा पगार, रजा, निधीत भरावयाची रक्कम, शेवटी सहीबद्दल एक महिन्याचा पगार. सर्व मिळून १०,६२,०००. विमा सहा महिने. चालू वर्षाचा बोनस मिळालेला नाही, आणि हाती न आलेले शेअरही बुडाले. त्यांवर गृहस्थांनी दोनदा पत्र लिहिले, दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा त्यांनी लिहिले नाही. 'स्वेच्छेने' हा शब्द पहिल्या परिच्छेदातून गेला आहे. तो चौथ्या परिच्छेदात पुन्हा एकदा आढळतो. पत्नी त्यावर पेन्सिलीने खूण करते, आणि कागद सोमवारी सकाळी परत पाठविला जातो.